हातावरचं ऊन

टेंभुर्णीत पुंजाराम फोटोवाल्याचं दुकान कुणालाही विचारा, हात लांब करून दाखवतील. दुकानात आता झेरॉक्स निघते, आधार कार्डाला प्लास्टिक चढतं आणि परीक्षेच्या दिवसांत पासपोर्ट फोटोंना गर्दी होते. पण जाफ्राबाद आणि भोकरदन या दोन तालुक्यांत पन्नाशीच्या पुढच्या कुठल्याही जोडप्याच्या घरात जा, भिंतीवरचा लग्नाचा फोटो बहुतेक पुंजारामनंच काढलेला निघेल. त्या फोटोंत नवरी आहे, नवरदेव आहे, मागं ताणलेली चादर आहे, कुठं कुठं मांडवाचा खांबही आलाय. एक बाई मात्र त्या प्रत्येक फोटोच्या चौकटीबाहेर वीतभर अंतरावर उभी होती आणि ती कुठल्याच फोटोत नाही. ती पुंजारामची बायको, झुंबरबाई. आता ती कुठंच नाही, आणि पुंजारामचा सगळा राग स्वतःच्या दोन डोळ्यांवर आहे.

फिल्मचा कॅमेरा म्हणजे काय भानगड होती, हे फोनवाल्या पोरांना सांगून पटत नाही. काढलेला फोटो लगेच दिसायची सोय नव्हती. उजेड किती आहे ते आधी ठरवायचं, त्या मानानं भिंगाचं छिद्र लहानमोठं करायचं आणि देवाचं नाव घेऊन खटका दाबायचा. कडक उन्हाला सोळा, जरा मऊ ऊन असेल तर अकरा, ढगाळ असेल तर आठ, मांडवाच्या आत पाच-सहा. आकडा मोठा, तेवढं छिद्र बारीक. चुकलं तर नवरी काळीठिक्कर नाहीतर पिठात लोळल्यासारखी, आणि फोटो बिघडला म्हणून लग्न काही दुसऱ्यांदा लावता येत नाही.

उजेड मोजायला पुंजारामकडे एक मीटर होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा धावड्याच्या एका वरातीत ते हातातून सुटलं, मागच्या बैलगाडीचं चाक त्याच्यावरून गेलं आणि विषय संपला. त्या लग्नाला झुंबरबाई बरोबर होती. तिला नेण्याचं कारण एवढंच की परक्या बाप्यानं नवरीचा पदर किंवा हनुवटी सारखी केलेली तेव्हा कुणाला खपत नसे. पुंजारामला घाम फुटला होता. झुंबरबाई नवरीच्या मुंडावळ्या नीट करत होती आणि तिचा उजवा तळहात नवरीच्या गालाशी उन्हात उघडा होता. त्याच्यावरच्या तांबूस रेषा उन्हानं फिक्या झाल्या होत्या, पण दिसत होत्या. पुंजारामनं काय मनात आणलं कोण जाणे, अकरावर छिद्र लावलं. फोटो असा उतरला की नवरीच्या नथीचा मोतीनमोती मोजून घ्यावा.

तेव्हापासून तो हात म्हणजेच पुंजारामचं मीटर झाला. रेषा ठळक तांबड्या दिसल्या की उजेड कमी. फिक्या झाल्या की अकरा. उन्हात पार विरून गेल्या की सोळा. फोटोच्या आधी तो म्हणायचा, "हात." ती नवरीच्या तोंडापाशी तळहात धरायची, बोटं जुळवून, उजेडाकडे जरासा वळवून. तो बघायचा, आकडा फिरवायचा आणि म्हणायचा, "सर." ती बाजूला सरायची. चाळीस वर्षं हे दोन शब्द. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, ओसरीत, खळ्यात, हात आणि सर.

एकदा हसनाबादला हळदीच्या कार्यक्रमात बायांनी हौसेनं झुंबरबाईच्या हाताला हळद फासली. पिवळ्या तळव्यावर पुंजारामचा अंदाज साफ हुकला आणि सगळा रोल वाया गेला. घरी येऊन तो एवढा तणतणला की त्या दिवसापासून झुंबरबाईनं उजव्या हाताला हळद लावू दिली नाही की मेंदी लावू दिली नाही. लग्नघरी बायका मेंदीचे कोन घेऊन मागं लागायच्या, ही मूठ आवळून बसायची. "नका गं बायांनो," म्हणायची, "ह्यो हात फोटोचाय." मेंदीची तिला हौस किती होती, हे पुंजारामनं कधी विचारलं नाही. तसल्या गोष्टी विचारणारा तो माणूसच नव्हता.

तिचा स्वतःचा फोटो काढायचंही राहूनच गेलं. रेशन कार्डावर, आधार कार्डावर काय असेल तेवढंच. ती कधी कधी चिडवायची. "लग्न झाल्यापास्नं माझ्या तोंडाकडं कधी नीट पाह्यलं का हो तुमी? हाताशीच संसार केला. उद्या दुसरीच बाई घरात येऊन बसली तं तुमाला तिचा हात पाह्यल्याबिगर कळणार न्हाई."

"हात तं वळखतो ना बराबर?" पुंजाराम म्हणायचा. "मंग झालं तं."

डिजिटल आलं, मग फोन आले. फिल्मचा कॅमेरा ट्रंकेत गेला. झुंबरबाईचा हात मोकळा झाला, म्हणजे भाकरी, पाणी, गोठा यांना मोकळा झाला. तेव्हा तरी मेंदी लावावी, तर सवय मोडली होती.

मग त्यांची नात तृप्ती पुण्याहून आली. पोरगा देवानंद तिकडे कंपनीत, त्याची ही एकुलती एक. पुण्यात म्हणे पोरापोरींना पुन्हा फिल्मचं वेड लागलंय. दिवाळीला येताना तिनं रोल आणले आणि आजोबाच्या मांडीवर ठेवले. "आबा, माघात माझा साखरपुडा आहे. फोनवर हजार फोटो निघतील. मला तुमच्या हातचे पाहिजेत. आधी दिवाळीत हात बसवून घ्या." म्हातारा असा फुलला की त्यानं ट्रंक उघडताना कुलपाची किल्लीसुद्धा दोनदा खाली पाडली. भिंगाला बुरशी नव्हती, पडदा नीट उघडझाप करत होता. फक्त कॅमेऱ्यानं भागणार नव्हतं.

"हात," तो अंगणात उभा राहून म्हणाला.

झुंबरबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. दिवाळीतल्या दुपारीही तिच्या अंगात स्वेटर होता. तिनं तृप्तीच्या गालाशी तळहात धरला, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा ते ऐकलं म्हणून की काय, हसली. "आन् आता सर म्हणा."

तो रोल पुण्यात धुतला गेला आणि तृप्तीनं फोटो फोनवर पाठवले. सगळे अंधारात काढल्यासारखे मळकट. कागदावर काढलेले असते तर पुंजारामनं त्या फोटोंच्या पुंगळ्या करून फेकल्या असत्या. "डोळे गेले माझे," तो म्हणाला. "संपला पुंजाराम." शेजारी शिवणकामाचं दुकान असलेला निजामोद्दीन त्याचा जुना दोस्त. तो मशीन थांबवून म्हणाला, "आँखें दिखा के आओ, भौ. और भाभी को भी लेके जाओ. रंग उतरलाय त्यांचा."

"वय झालं आता तिचं," पुंजाराम म्हणाला. "रंग काय ऱ्हातो का सदा?"

जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायची घाई झुंबरबाईनंच केली. नवऱ्याचे डोळे म्हणजे तिच्या जिवाचा घोर. दवाखाना वरच्या मजल्यावर होता. अर्ध्या जिन्यात ती पायरीवर बसली. छाती वरखाली होत होती आणि ओठ निळसर झाले होते. पुंजाराम वर पोचून मागं वळला आणि ओरडला, "आगं चाल ना जल्दी, नंबर जाईल. काय बसली जिन्यात?" ती कठड्याला धरून उठली आणि चढली. डॉक्टरनं डोळे तपासले, चष्म्याचा नंबर किंचित बदलला आणि सांगितलं, "या वयाच्या मानानं झकास नजर आहे, बाबा." पुंजारामला हायसं वाटलं. परतीच्या एसटीत तो खिडकीतून लांबच्या पाट्या वाचून दाखवत होता आणि झुंबरबाई त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. इथं त्या माणसाच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटतं, पण गेलेल्या एसटीला हात दाखवून उपयोग नसतो.

हिवाळ्यात ती चुलीपासून हलेना. येता-जाता डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकायची आणि विचारलं तर लहान पोरीसारखी लाजायची. पाण्याची कळशी अर्धीच भरायची. घरात कुणी नव्हतं असं नाही, पुंजाराम होता. पण तो नव्या चष्म्यातून कॅमेरा पुसत होता.

माघात तृप्तीचा साखरपुडा गावातच झाला. अंगणात मांडव, बाहेर मोकळ्यात खुर्च्या. आभाळ पातळ ढगांनी धुरकटलं होतं आणि माणसांच्या सावल्या जमिनीवर जेमतेम उमटत होत्या. रस्त्यानं जाणाऱ्यालाही कळलं असतं की ऊन मऊ आहे. पण पुंजारामनं चाळीस वर्षं सावलीकडे पाहिलंच नव्हतं. त्याला एकच जागा बघायची माहीत होती.

"हात."

झुंबरबाईनं तृप्तीच्या तोंडापाशी तळहात धरला. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं. पुंजारामनं चष्मा सारखा करून निरखून पाहिलं. तळव्यावर एकही रेष दिसत नव्हती. विरून गेल्या होत्या सगळ्या.

"सोळा," तो स्वतःशी म्हणाला आणि छिद्र बारीक केलं.

निजामोद्दीन मागंच उभा होता. "धूप तो नरम है, भौ. सोळा?"

"तू सुईत दोरा ओव," पुंजाराम म्हणाला. "मला नको शिकवू. सर गं."

ती सरली. त्या दिवशीचा सगळा रोल, मांडवाच्या आतलासुद्धा, त्यानं सोळावरच काढला. पुण्याहून तृप्तीचा फोन आला तेव्हा पोरीनं आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "आबा, फिल्म जवळजवळ कोरीच निघाली. जाऊ द्या, फोनवरचे आहेत." ती समजूत घालत होती हे त्याला कळलं आणि तेच सोसलं नाही. फोन ठेवून तो आत गेला. डोळे तपासून झाले होते, कॅमेरा तपासून झाला होता. उरली ती एकच.

"तू हात बराबर धरला न्हाई," तो म्हणाला. "पोरीच्या साखरपुड्याचं वाटोळं झालं. एवढं एक काम, तेबी तुला..."

झुंबरबाई भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात उचलला नाही. "व्हय," म्हणाली, "हात हालला आसंल माझा. पोरीला म्हणा, आजीचं चुकलं."

पुढच्याच आठवड्यात ती पाणी भरताना हौदापाशी कोसळली. निजामोद्दीनच्या पोरानं, जीशाननं, गाडी काढली आणि जालन्याच्या दवाखान्यात नेलं. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. छतावर एक ट्यूबलाइट, तीही जुनाट. तरणा डॉक्टर आला, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाला, "आजी, हात दाखवा."

चाळीस वर्षांची सवय. झुंबरबाईनं पडल्या पडल्या उजवा हात वर केला, बोटं जुळवली, तळवा ट्यूबलाइटकडे वळवला आणि मान वळवून पुंजारामकडे पाहिलं.

डॉक्टरनं आपला तळहात तिच्या तळहाताशेजारी धरला. "हे बघा, बाबा. रेषासुद्धा पांढऱ्या झाल्यात. रक्तच उरलं नाही अंगात. हे आजचं नाही, कितीतरी महिन्यांचं आहे. घरात कुणाला दिसलं नाही का?" तो रागावला नव्हता. नुसतं विचारत होता.

पुंजाराम त्या हाताकडे बघत राहिला. खोलीत उन्हाची तिरीपही नव्हती आणि हात सोळा सांगत होता.

दिवाळीतलं अंगण त्याच्या डोळ्यांपुढं आलं. साखरपुड्याचं आलं. ऊन कुठंच वाढलं नव्हतं. तिचं रक्त आटत होतं आणि तो छिद्र बारीक करत होता. दुनियेत हा हात ओळखणारा एकच माणूस होता, महिनोनमहिने त्याच्यासमोर तो हात धरला जात होता, आणि त्यानं दर वेळी बघून सर म्हटलं होतं. पुंजाराम खाटेचा लोखंडी दांडा धरून खाली बसला आणि दवाखान्याच्या फरशीवर मोठ्यानं रडला. लोक दारातून डोकावले. त्याला त्याचं काही नव्हतं.

आतड्यात गाठ होती. तिथून थोडं थोडं रक्त जात राहिलं होतं आणि गाठ आता लिव्हरपर्यंत पसरली होती. दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर कापून काढता आली असती, असं डॉक्टर बोलून गेला. बोलला नसता तर बरं झालं असतं, पण बोलला.

"मला दिसलं व्हतं," पुंजारामनं तिला सांगितलं. "सांगतो तुला. मला दिसलं व्हतं आन् मी ऊन समजलो."

"तुमचं काय चुकलं त्यात," ती म्हणाली. "हातच फसवा निघाला माझा."

"आसं नको म्हणू गं."

रक्ताच्या बाटल्या चढवल्या तेव्हा थोडे दिवस तळव्यावर रंग आला. सकाळी उठून तो आधी तिचा हात उलटा करून बघायचा. रेषा फिक्या गुलाबी उमटलेल्या दिसल्या की म्हणायचा, "अकरा झालं आज." ती हसायची. मग रेषा पुन्हा विरू लागल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ दोघांनाही कळला.

तृप्ती रजा काढून आली होती. एक दिवस पुंजारामनं बाजारातून मेंदीचा कोन आणला आणि नातीच्या हातात दिला. झुंबरबाईनं ते पाहिलं आणि उजवी मूठ मिटून घेतली.

"लाव आता," तो म्हणाला. "लई जीव मारला तू त्याच्यापायी."

"नको," ती म्हणाली. "आता कुठं रंगतीय. आन् तुमाला एखादा फोटो काढावा वाटला तं? मंग हात कुठून आणू?"

एखादा फोटो. तृप्तीनं दिवाळीत आणलेला एक रोल अजून शिल्लक होता. दुपार कलल्यावर त्यानं तिला उचलून ओसरीत खुर्चीवर बसवलं, मागं उशी लावली. तृप्तीनं वेणी घातली. तो कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला, पण "हात" काही म्हणेना. तिनं वाट पाहिली आणि मग आपणच हात वर केला. स्वतःच्या गालाशी धरला, बोटं जुळवून, उजेडाकडे वळवून.

पुंजारामनं या वेळी त्या हातावरून आकडा घेतला नाही. त्यानं ओसरीच्या कडेला पडलेली खांबाची सावली पाहिली. आपला तळहात उजेडात धरून पाहिला. पुन्हा सावली पाहिली. आठ लावलं. मग कितीतरी वेळ, जन्मात पहिल्यांदाच असेल, तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो त्याला माहीतच नव्हता.

"सरू का?" तिनं विचारलं.

"नको," तो म्हणाला. "तशीच ऱ्हा."

त्यानं खटका दाबला.

वैशाख लागण्याआधी ती गेली. सवाष्ण म्हणून बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं आणि दोन्ही हातांना हळद माखली. उजव्या हाताला लावताना एका म्हातारीनं थबकून पुंजारामकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, लावा म्हणून. हसनाबादनंतर तो हात पिवळा झालेला त्यानं तेव्हाच पाहिला.

तो रोल तृप्तीनं पुण्यात धुऊन घेतला आणि फोटो मोठा करून आणला. तो दुकानात समोरच्या भिंतीवर आहे. झुंबरबाईचा चेहरा नितळ उतरलाय, भुवईतला व्रणसुद्धा दिसतो, डोळ्यांत थोडं हसू आहे. फक्त गालाशी धरलेला हात पांढराफटक आलाय, एक रेष नाही त्याच्यावर. कॅमेऱ्याला पुंजारामनं त्यानंतर हात लावलेला नाही.

झेरॉक्सला आलेली माणसं फोटो बघतात. परवा टेंभुर्णीच्याच एका कार्टीनं, फोनवर बरे फोटो काढते म्हणे, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, फोटो लई भारी आलाय. फक्त हातावर ऊन जास्त झालं."

पुंजारामनं मशीनमधून तिचे कागद काढले, नीट जुळवून तिच्या हातात दिले.

"ऊन न्हाई ते, बाई," तो म्हणाला.